लावण्याच्या लग्नाचं कार्ड

२ नोव्हेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणाऱ्या माणसाने लिहून ठेवावं. बायकोला, तुळसीला, देवनागरी वाचायचा कंटाळा आहे. बोलते आमची तंजावरी मराठी, पण वाण्याची यादीसुद्धा तमिळमध्ये लिहिते. त्यामुळे इथे मन मोकळं करायला हरकत नाही.

लावण्याचं लग्न ठरलं! ८ फेब्रुवारी. मुलगा तंजावरचा, हरिकृष्ण, आपल्यातलाच. मंडप, स्वयंपाकी, साड्या, दागिने सगळं तुळसीने स्वतःकडे घेतलं. एकुलत्या एका मुलीच्या बापाकडे काम एकच: कार्ड. आमच्या घरात लग्नपत्रिकेला सगळे कार्डच म्हणतात.

मेहुणा शामसुंदर याचं पत्रिकांचंच दुकान. लगेच फोन. भावोजी, आठवड्यात छापून देतों म्हणाला. मी नको म्हटलं. त्याचं कार्ड मला पाठ आहे. वर सोनेरी गणपती, बाजूला केळीचे खांब. अर्ध्या कुंभकोणमची लग्नं त्या एका गणपतीने लावलीत. माझ्या लावण्याचं कार्ड व्हिडिओ असेल. थ्री-डी. गावातलं महामहम तळं, तळ्यात कमळ उमलतं, कमळातून हत्ती निघतो, हत्ती सोंड वर करतो आणि सोंडेतून दोघांची नावं.

लावण्याला बंगळूरला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, अप्पा, हत्ती कमळांतून कसाला येतो? बरं, येऊं दे. आवाजावरून मुलगी भारावलेली वाटली.

५ नोव्हेंबर, सकाळी ११

सॉफ्टवेअर टाकलं. कमळाची एक पाकळी उघडली आणि कॉम्प्युटर गोठला. पाऊण तास पाकळीकडे बघत बसलो. सुंदर आहे.

कॉम्प्युटर जुना आहे, पण मजबूत. त्याला फक्त ग्राफिक्स कार्ड नाही, असं सॉफ्टवेअरनेच स्पष्ट सांगितलं. म्हणजे रोगाचं निदान झालं. एक कार्ड आणायचं, खाचेत बसवायचं, स्क्रू पिळायचा. दोन दिवसांचं काम. तुळसीला सांगितलं, कार्ड येत्या सोमवारी.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून अभ्यास.

९ नोव्हेंबर

पहाटे उठलो नाही. पण रविशंकरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन आलो. त्याला मी आमच्या मशीनची सगळी कुंडली सांगितली. त्याने फोनमधून डोकं वर न काढता सांगितलं, सेट आयिडुम सार. म्हणजे सगळं बसेल. कुठलंही कार्ड, कुठलंही मशीन, सेट आयिडुम. असा आत्मविश्वास हल्ली दुर्मिळ झालाय.

इंटरनेटवर मात्र नुसती रड. आधी कॅबिनेट मोजा, पॉवर सप्लाय बघा, बायोस बघा. वीज खात्यात इंजिनियर म्हणून जन्म काढलेल्या माणसाला वॉट शिकवतात. अख्ख्या तालुक्याचा लोड मी डोक्यात ठेवत होतो. एक डबा काय!

१५ नोव्हेंबर

तुळसीने आज स्वतःहून विषय काढला. कार्ड ठरलें का? बरं वाटलं. इतक्या वर्षांत तिने माझ्या कॉम्प्युटरमध्ये पहिल्यांदाच रस घेतला. ठरलं म्हटलं, आठ जीबीचं. तिने विचारलं, किती होणा? म्हटलं, एक पुरे. ती म्हणाली, चारशें लोकांना एक? मी हसून सांगितलं, अगो, तीच तर टेक्नॉलॉजी. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पटलं असावं.

मग शामसुंदरला फोन करायला गच्चीवर गेली. भावाशी तिला बोलायचं असतं काही ना काही.

२४ नोव्हेंबर

कार्ड आलं!! काय तो खोका! आत काळंकुळकुळीत, तीन पंखे, वजनाला दगडी पाट्यासारखं. मांडीवर घेऊन बसलो. लावण्या जन्मली तेव्हा इतकाच आनंद झाला होता. हे वाक्य खोडावं का? राहू दे, तुळसी वाचत नाही.

दुपारी ३: कॅबिनेट चार बोटं आखूड आहे. कंपनीने कार्ड लांब केलंय, हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. सांगितलं होतं, पण बारीक अक्षरात.

दुपारी ५: आतला हार्ड डिस्कचा पिंजरा करवतीने कापला. हार्ड डिस्क आता फुलांच्या दोऱ्याने लटकते आहे. छान झोका घेते. कॅबिनेटचं दार लागत नाही, पण हवा खेळेल.

२५ नोव्हेंबर

कार्ड वजनाने वाकतं. खालून आधार हवा. लग्नात द्यायला नाचियारकोविलहून आणलेली पितळी समई नेमकी त्या उंचीची निघाली. समईवरचा हंस बरोबर मधल्या पंख्याखाली येतो. विज्ञान आणि परंपरा यांचा असा संगम कुठे बघायला मिळणार?

तुळसी संध्याकाळभर समई हुडकत होती. मी स्क्रू पिळत राहिलो. काम महत्त्वाचं.

१ डिसेंबर

कार्डाला वेगळी वायर लागते, ती आमच्या पॉवर सप्लायला नाही. हे वीज खात्याच्या माणसाला सांगायची कोणाची छाती झाली नसावी, म्हणून कळलं नाही. रविशंकरकडून नवा सप्लाय आणला. तो म्हणाला, सेट आयिडुम. बसला. माणूस खरा आहे.

आता मॉनिटरचं टोक कार्डात जात नाही. मॉनिटर जुना, कार्ड नवं, दोघांची तोंडं जुळत नाहीत. मध्ये एक जोडणारं टोक लागतं. मागवलं.

कुटुंबाच्या ग्रुपवर दिवसभर टिंगटिंग. आत्या, मावश्या, कार्ड, कार्ड, कार्ड. लोकांची उत्सुकता समजू शकतो, पण कलाकाराला शांतता लागते. ग्रुप म्यूट केला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आजचा दिवस सोन्याचा. काल रात्री तुळसी म्हणाली होती, मार्गळी महिना लागायच्या आंत पहिलें कार्ड पट्टीश्वरमच्या दुर्गेपुढें ठेवायला होणा. माझे डोळे भरून आले. मी इतके दिवस समजत होतो की तिला हे सगळं थोतांड वाटतं, आणि तिने कार्डाला देवीकडे न्यायचं ठरवलं! समई बाजूला केली, कार्ड हलक्या हाताने काढलं, खोक्यात घातलं.

बसमध्ये खोका मांडीवर. तुळसी दोनदा विचारत होती, हें कसाला? मी म्हटलं, तूच म्हणालीस ना. तिने कपाळाला हात लावला. उन्हाचा त्रास.

गुरुक्कलांनी, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यांनी, ताटात कार्ड बघून थोडा विचार केला. गाडीची किल्ली, दुकानाचं कुलूप, परीक्षेचं पेन, हे सगळं ते रोज पुजतात. हे काय, असं त्यांनी तमिळमध्ये विचारलं. मी म्हटलं, मुलीच्या लग्नाचं कार्ड. त्यांनी परत एकदा ताटात बघितलं. मग तुळसीने पिशवीतून एक पाकीट काढून बाजूला ठेवलं, चारी कोपऱ्यांना हळद लावलेलं. काहीतरी नवस असेल, मी विचारलं नाही. गुरुक्कल एकदम प्रसन्न झाले, मुलामुलीचं नाव-नक्षत्र विचारून झोकात अर्चना केली आणि तिन्ही पंख्यांवर कुंकू टाकलं. सढळ हाताने.

मी फोटो काढत होतो, सोळा-सतरा काढले. कार्ड खूप तेजस्वी दिसलं.

१७ डिसेंबर

जोडणारं टोक आलं. सगळं बसवलं. बटण दाबलं. तिन्ही पंखे एकदम फिरले आणि देवीचं कुंकू थेट माझ्या तोंडावर, बनियनवर, भिंतीवर. तुळसी स्वयंपाकघरातून आली आणि किंचाळली. तिला वाटलं स्फोट झाला. मी म्हटलं, आशीर्वाद आहे.

स्क्रीन काळी आहे. पण ही काळी वेगळी आहे, आतून उजेड असलेली. म्हणजे जवळपास झालंच.

२० डिसेंबर

कारण सापडलं! बायोस, म्हणजे मदरबोर्डातला मूळ प्रोग्राम, जुना आहे. मदरबोर्डाला कार्डाची ओळखच नाही. तो बदलायला दहा मिनिटं लागतात. फक्त मध्ये वीज जाता कामा नये, असं लाल अक्षरात लिहिलंय. हसू आलं. विजेचं मला सांगतात.

तुळसीने विचारलं, तुम्हाला लग्नाचें कांही काम देऊं का? शामसुंदरसंगें भांडीं बघायला जाता? मी म्हटलं, माझ्याकडे काम आहे. ती म्हणाली, हो की. मग जाता जाता म्हणाली, चालूं दे.

समजूतदार बाई.

२३ डिसेंबर, सकाळी ८.५५

ऐतिहासिक क्षण. बायोस सुरू करतोय. टक्के दिसतायत. कार्ड काढून जुन्या जागी वायर लावली, म्हणून स्क्रीन आली. हुशारी लागते.

बावीस टक्के. चाळीस.

सकाळी ९.०५

वीज गेली.

दुपारी १२

महिन्याच्या देखभालीसाठी नऊ ते पाच वीज बंद. नोटीस परवाच्या पेपरात आली होती. अशा नोटिसा वर्षानुवर्षं मीच काढत असे आणि त्या कोणी वाचत नाही म्हणून चिडत असे. आता कळलं, लोक किती कामात असतात.

संध्याकाळी ६

वीज आली. कॉम्प्युटर आला नाही. पंखेसुद्धा फिरत नाहीत. समईने दोनदा टकटक केलं. काही नाही.

२४ डिसेंबर

आज कॉफी चांगली झाली होती.

२८ डिसेंबर

मशीन रविशंकरकडे नेलं. त्याने पहिल्यांदाच फोन खाली ठेवला. मदरबोर्ड मेला म्हणाला. मी विचारलं, सेट आयिडुम? तो म्हणाला, सार, विट्टुडुंग. सोडून द्या.

तुळसीला सांगायला पाहिजे. लग्नाला सहा आठवडे आणि चारशे माणसांना एकही कार्ड गेलेलं नाही. व्याह्यांपुढे नाक जाणार, आणि तेही माझ्यामुळे. जेवताना सांगणार होतो, पण तिने माझा आवडता अंबट भात केला होता, म्हणून जेवलो.

संकल्प: उद्या सांगायचं.

४ जानेवारी

नाही सांगितलं. बायको रोज इतकी प्रसन्न असते की सांगवत नाही.

आज व्याही बदरीनाथ राव यांचा तंजावरहून फोन. वाटलं, आता कार्डाचं विचारणार. पण ते म्हणाले, राव, कार्ड पावलें, अस्कीं लोक नाव काढतात, हत्ती तर काय हत्ती! सगळे लोक! मी धन्यवाद म्हटलं. फोन ठेवल्यावर विचार केला. माझी कल्पना मी कोणाला दाखवलेली नाही. एक पाकळी सोडली तर ती अस्तित्वातच नाही. माणूस चहाटळ असावा, किंवा चांगली कल्पना आपोआप पसरते. मी दुसऱ्या मताचा आहे.

११ जानेवारी

ग्रुपचं म्यूट काढलं.

नोव्हेंबरपासूनचे सगळे मेसेज वाचले. लावण्याने बंगळूरहून येताना बसमध्ये बसून फोनवर व्हिडिओ केला होता. तळं, कमळ, कमळातून हत्ती, सोंडेतून नावं. हत्ती थोडा बुटका आहे. चारशेच्या वर लोकांनी हात जोडलेत, फुलं टाकलीत. आत्याने विचारलंय, हत्ती कमळांतून कसाला? लावण्याने लिहिलंय, आमच्या अप्पांचा हत्ती आहे, तो कुठूनही येतो.

व्हिडिओच्या शेवटी बारीक अक्षरात: कल्पना, अप्पा.

सहा वेळा बघितला. मला राग यायला पाहिजे होता. बायको आणि मुलीने माझ्या मागे सगळं उरकलं, मी घाबरून दोन आठवडे काढले, आणि मला फक्त हसू येत होतं. मग थोडं रडू आलं. मग परत बघितला.

१८ जानेवारी

सकाळी कॉम्प्युटरच्या खोलीत बसलो होतो. कॉम्प्युटर नाही, पण सवय. दार वाजलं. तुळसी आणि लावण्या. दोघी रेशमी साड्यांत, बाहेर आमंत्रणाला निघाल्यासारख्या. तुळसीच्या हातात ताट, त्यात हळद, कुंकू, अक्षता, विड्याची पानं, आणि एक कार्ड. शामसुंदरच्या दुकानातलं. सोनेरी गणपती, केळीचे खांब.

तुळसी म्हणाली, अस्कीं घरं झालीं. हें एकच राहिलें होतें.

पाकिटावर लावण्याच्या अक्षरात नाव घातलं होतं: श्री. रघूत्तम राव, सहकुटुंब. मला कुंकू लावलं, हातावर अक्षता दिल्या. लावण्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, अप्पा, माझें लग्न आहे, तुम्ही अवश्य यावें.

मी कार्ड उघडून नीट वाचलं. तारीख बरोबर. वेळ बरोबर. चूक एकही नाही. मग तिला सांगितलं, येतो, नक्की येतो.