आईसाठी लावलेली हरळी

२ फेब्रुवारी १९६४, रविवार

आईला आणलं एकदाचं! उंद्रीहून एसटीनं. तूर सोंगताना विळा थेट बोटावर बसला तिचा. तूर दिसली, बोट दिसलं नाही. इथल्या डॉक्टरांनी डोळे पाहिले — दोन्हीकडे मोतीबिंदू, पण अजून पिकलेला नाही. दिवाळीच्या आसपास ऑपरेशन. तोवर वावरात पाय ठेवायचा नाही म्हणाले.

आई त्यांच्यासमोर हो म्हणाली. घरी आल्यावर मला म्हणते, "जयंतीलोक राह्यते. मंग मले एसटीत बसवून दे. लेकीच्या घरी किती दिस बसून खाऊ?"

म्हणजे जयंतीपर्यंत, १४ एप्रिल. त्यानंतर पुन्हा वावर, पुन्हा विळा. मला भाऊ-बहीण कोणी नाही. तिला इथं ठेवून घ्यायचंच आहे. कसं, ते माहीत नाही.

५ फेब्रुवारी

शेजारच्या अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, सकाळी दवानं ओल्या हरळीवर अनवाणी चालवा, डोळे निवतात. डॉक्टरांना विचारलं. हसले. "मोतीबिंदू जाणार नाही, पण चालू द्या. पाय तरी मोकळे होतील."

क्वार्टरपुढे नुसता मुरूम! घरी ह्यांना सांगितलं. (त्यांचं नाव इथं लिहायला काय हरकत? दयाराम! दयाराम! लिहिलं.) लगेच ऑफिसातल्या साहेबांकडून हिरवळीचं इंग्रजी पुस्तक घेऊन आले. मोठ्यानं वाचून अर्थ सांगत होते — वसंत आला की बर्फ वितळू द्या, मग दाताळं फिरवा. मी म्हटलं, बर्फ आणायला आता खामगावच्या सोडावॉटरवाल्याकडे जायचं का?

खामगावचे त्यांचे एक मित्र म्हणाले, आमच्याकडे घाटाखाली आताच ऊन तापायला लागलं, आम्ही पावसाळ्याशिवाय गवत लावत नाही. तुम्ही घाटावर, होळीपर्यंत सकाळी गारवा असतो. आता लावा, दोन वेळा पाणी द्या, जगेल.

आईला काही सांगायचं नाही असं ठरवलं. सांगितलं तर म्हणेल, माह्यासाठी कायले! ती तशीही मागच्या पडवीतच बसते.

९ फेब्रुवारी, रविवार

हरळी आणायला नाल्यापलीकडच्या वावरात गेलो. धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, खणून काढलेल्या हरळीचा हा ढीग! शेतकऱ्याला विचारलं, थोडी नेऊ का? तो बघतच राहिला. "लावाले? बाई, माहा बाप हरळी खंदू खंदू मेला. सारी न्या. बंडी जुपून देऊ का?"

परत येताना हे हसत होते. मला हसू येईना. लहानपणी आईबरोबर निंदायला जायचे. दुसऱ्यांच्या वावरात, दिवसभर उन्हात. हरळीचं एक पेर मातीत राहिलं तरी मालकीणबाई ओरडायची. आणि आज मी पेरं मोजून पुरतेय! हात कचरत होते. शेणखत घातलं, काळी माती पसरली, ओळी केल्या. यांनी चांगली वीतभर खोल पुरली — उडून जाऊ नये म्हणून!

२१ फेब्रुवारी

कोंब! सतरा मोजले.

१ मार्च

ओळी भरल्या. आणखी आठ दिवसांनी आईला हात धरून पुढं नेणार. दव संपलं तर झारीनं शिंपडू, तिच्या पायांना काय कळतंय!

आज म्हणाली, "चांगुणा, मले काही काम दे व. हातपाय बांधून ठेवल्यावानी वाटते." मी म्हटलं, आराम कर. चुकलंच माझं. सांगून टाकायला हवं होतं.

८ मार्च, रविवार

काय लिहू.

बाजारातून आलो. आई पुढच्या अंगणात, उन्हात, मातीत बसलेली. सगळी हरळी मुळासकट बाहेर! शेजारी ढीग. डोळ्यांना दिसत नाही, बोटांनी चाचपून चाचपून काढली. एक पेर सोडलं नाही. तोंडभर हसून म्हणाली, "कितीक माजू देली व ही! जावयाले कोणी नावं ठेवतीन. सारं साफ करून देलं, पाह्य."

मी ओरडले. "तुला कोणी सांगितलं होतं? एक दिवस स्वस्थ बसवत नाही का?" आणखीही बोलले. ते इथं लिहीत नाही.

यांनीच हळूच सांगितलं, "मामी, हरळी तुमच्यासाठी लावली होती. दवात चालायले."

आईनं ढिगातली एक काडी उचलून बोटांनी चाचपली. मग, "माह्यासाठी? हरळी?"

जेवली नाही. मीही नाही. माझ्या आईनं जन्मभर जे काम केलं तेच तिनं मला करून दिलं, आणि मी तिच्यावर ओरडले. लाज वाटते.

९ मार्च

सकाळी उठले तर आईचं बोचकं बांधलेलं. पडवीत नाही, मोरीत नाही. पुढं धावले.

अंगणात बसली होती, ढीग मांडीशी ओढून, हरळी तोडत.

"आई, माझं चुकलं ग."

"चुकलं तं चुकलं. पाणी आन. एका दिसानं हरळी मरत नसते, मले इचार. कोनं लावली होती थे? इतकी खोल?"

हे खिडकीतून बाजूला झाले!

"तीन गाठीची कांडी घ्या लागते. दोन गाठी मातीत, एक भायेर. निंदतानी एकच गाठ राह्यली तं आठ दिसात रान भरे. आमी रडो."

दुपारपर्यंत सगळं अंगण लावलं तिनं, बोटांनी अंतर मोजत. मी नुसती पाणी घालत होते. मग हात धुतले आणि म्हणाली, "रुजलोक राह्यते." रुजेपर्यंत तरी! बोचकं मी सोडलं नाही. भीती वाटली, नको म्हणाली तर?

२९ मार्च

तिची हरळी आमच्यापेक्षा दाट! पहाटे मी झारी मारते, ती चालते. साडी जरा वर धरून, एकेक पाऊल. मी विचारलं, डोळ्यांना बरं वाटतं? "डोये तसेच हायेत. पायाले बरं वाटते." आणि थोड्या वेळानं, "हरळी इतकी मऊ असते, मले कधी मालूमच नोयतं." मला रडू आलं. झारी घेऊन नळाकडे गेले.

५ एप्रिल

ऊन वाढलं. आई जयंतीसाठी पांढरं लुगडं धुते आहे. आज यांना विचारत होती, पंधरा तारखेला उंद्रीची एसटी किती वाजता?

दहा दिवस.

१० एप्रिल

बदलीचा हुकूम आला. देऊळगाव राजा. आठवड्याच्या आत हजर व्हायचं. अंगण इथंच राहणार. आईला सांगायचा धीर होत नाही. सांगितलं की ती उद्याच निघेल, मला माहीत आहे.

१२ एप्रिल

सांगितलं. आई हरळीवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "देऊळगावले ऊन लय. आता लावली तं जयून जाईन. पाणी पडू दे, मंग लावू."

मी म्हटलं, "आई, पाणी जूनमध्ये पडेल."

"हाव. थांबा लागन."

हे धावतच ट्रकवाल्याकडे गेले आहेत — सामानाबरोबर माणसं दोन नाहीत, तीन, हे सांगायला.