सातवी 'ब'चे बाक पुन्हा रांगेत न लावण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
शिक्षण विभाग.

विषय : चार-चार मुलांचे गट मोडण्याच्या आदेशाचा फेरविचार होणेबाबत.
संदर्भ : वर्गतपासणीनंतरचे आपले पत्र, दि. ७.

महोदय,

मी सातवी 'ब'चा वर्गशिक्षक आहे. संदर्भीय पत्रात दोन ठपके आहेत. एक, वर्गात गोंगाट असतो. दोन, छळाच्या तक्रारींची नोंदवही तीन महिने कोरी आहे, म्हणजे तक्रारी दडपल्या जात असाव्यात. सबब येत्या सोमवारपासून बाक पूर्ववत रांगेत लावण्याचा आदेश आहे. वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे :

१. गोंगाट मान्य आहे. धड्याचे चार भाग करून गटातल्या प्रत्येकाला एकच भाग वाचायला दिला जातो. तो त्याने उरलेल्या तिघांना शिकवायचा. चाचणी मात्र पूर्ण धड्यावर. बत्तीस मुलांना हे मुक्याने जमत नाही.

२. नोंदवही या गटांमुळेच कोरी आहे. गट पाडण्याआधीच्या महिन्यात तीत अकरा तक्रारी होत्या, पैकी नऊ एकाच मुलाविरुद्ध. वर्ग त्याला रणगाडा म्हणतो. एक मुलगी बोलताना अडखळते. हा तिची नक्कल करायचा, वर्ग हसायचा. तिने शाळेत येणे सोडले. (तिचे टोपणनाव येथे लिहीत नाही, ते आता कोणी वापरत नाही.) तिच्या आईची समजूत काढून तिला परत आणले, चिठ्ठ्या टाकून गट पाडले, आणि हे दोघे नेमके एकाच गटात आले. धडा ज्वालामुखीचा होता. लाव्ह्याचा भाग तिच्याकडे होता. ती अडखळताच शेजारच्या गटातून कोणी तरी हसले. रणगाडा उसळून म्हणाला, "ए, गप्प बसा रे! तिचं होऊ दे. लाव्हा मला पेपरात लिहायचाय." हेतू उदात्त नव्हता. परंतु त्या दिवसापासून तिची एकही गैरहजेरी नाही.

३. नोंदवहीच्या मासिक अहवालात 'निरंक' लिहून पाठवले असता आपल्या कार्यालयातील लिपिकांनी ते परत केले. "सर, निरंक चालत नाही. निदान एक तरी दाखवा." ही अडचण मी वर्गात बोलून बसलो, ही माझी चूक. रणगाडा लगेच उभा राहिला. "माझं नाव लिहा ना, सर. मला सवय आहे." तारीख ठरली, दोन साक्षीदार पुढे आले, छळ कोणता दाखवायचा यावर गटवार चर्चा सुरू झाली. तेव्हा ती मुलगी उभी राहिली. "ख... खोटं न... नको." वेळ लागला. तिचे वाक्य दुसऱ्या कोणी पुरे केले नाही. बेत बारगळला. कोऱ्या पानांच्या साक्षांकित प्रती सोबत जोडल्या आहेत.

४. रांगा लागल्या की एकाने दुसऱ्याचे ऐकून घेण्याचे कारण उरणार नाही. तिची आई काल शाळेच्या दाराशी थांबली होती. "सोमवारपासून पाठवू की नको, सर?" आपले उत्तर आले की कळवतो, असे मी त्यांना सांगितले आहे.

तरी निर्णयापूर्वी आपण एक तास या वर्गात बसावे, ही विनंती. गटात चारच जागा असतात. रणगाड्याने स्वतःची जागा आपल्यासाठी मोकळी करण्याचे कबूल केले आहे. त्याची एक अट आहे, ती त्याच्याच शब्दांत कळवतो : "साहेबांना सांगा, ती बोलत असताना मध्ये बोलायचं नाही."

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
(स्वाक्षरी)
वर्गशिक्षक, सातवी 'ब'
दि. ११