गच्चीवरचा धाक

६ एप्रिल, सकाळी ७
लातूरच्या चर्चासत्रात ‘ग्रे झोनमधला धाक’ यावर पेपर वाचायचाय. संरक्षणशास्त्र शिकवतोय, पण कॉलेजने अकरा वर्षांत पहिल्यांदाच माझं नाव पाठवलं. संकल्प: रोज गच्चीवर बसून दोन पानं. नांदेडच्या या घरात शांतता तेवढी तिथेच.

पण गच्ची सामाईक. खालच्या केवळाबाईंच्या कुरडया माझ्या अर्ध्यात दोन हात आत. विचारलं तर म्हणाल्या, वाऱ्यानं साडी सरकली आसंल. साडीवर चार विटा होत्या! युद्ध नाही, शांतता नाही, नुसतं सरकणं. शुद्ध ग्रे झोन. आज लिहिलं नाही.

८ एप्रिल
सिग्नल दिला. हाताची घडी घालून सीमेवर वीस मिनिटं उभा. केवळाबाई म्हणाल्या, सर, कंबर धरली का? वर वाटीभर कुरडयांचा गरम चीक दिला. खाल्ला. खाल्ला म्हणजे अतिक्रमण मान्य केलं असं नव्हे.

११ एप्रिल
लाल ऑइलपेंटने रेघ मारली. ओलांडली तर परिणाम भोगावे लागतील, असं बजावलं. बायकोने, सिंधूने विचारलं, कोणते? ते गुप्त ठेवणं हीच स्ट्रॅटेजी. (अजून ठरले नाहीत.)

१२ एप्रिल
ओलांडली. केवळाबाई म्हणाल्या, रेघ लई कामाला आली बघा, सांडगे सरळ ओळीत पडले. रोखून बघितलं. उपयोग शून्य. पानंही शून्य. नुसता संताप होतोय.

१५ एप्रिल
निर्बंध. गच्चीला कुलूप, किल्ली खिशात. दुपारी कळलं, अर्ध्या कुरडया आमच्या सिंधूच्याच. पहिल्या दिवसापासून! मला कुणी सांगायचं? किल्ली दिली. तरी जेवण उशिराच मिळालं.

२० एप्रिल
लातूरहून फोन, पेपर कुठाय? म्हणालो, सीमेवर परिस्थिती बिघडलीय. माझ्या जागी विशाखाला घेतलं. माझीच विद्यार्थिनी. फार वाईट वाटलं.

२२ एप्रिल
तह झाला. गच्चीवर मी कुठेही, दिवसभर बसायचं. अट एकच: हातात काठी घेऊन कावळे हाकायचे. म्हणजे शेवटी धाक माझाच.

२३ एप्रिल, सायं. ५
एक कावळा माझ्या खुर्चीच्या हातावर बसला. माझ्याकडे बघितलं, कुरडई उचलली, गेला. परत आला तो चौघांना घेऊन.

केवळाबाई म्हणाल्या, सर, तुमी खाली जाऊन आराम करा. सिंधूने खुर्चीला काळी छत्री बांधली.

जिन्यातून तासभर बघतोय. एकही कावळा फिरकलेला नाही.