लपवलेला गुडघा

सप्रेम नमस्कार.

आपला मुलगा तुमचा फोन उचलत नाही, म्हणून मला लिहावे लागते आहे. त्याचा गुडघा कायमचा गेला. डॉक्टरांनी खेळणे बंद म्हणून स्पष्ट सांगितले आणि फुटबॉल क्लबने त्याला सोडले.

संघ अव्वल लीगमध्ये टिकावा म्हणून हंगामभर त्याने सूज लपवली. सगळे गेल्यावर कपडे बदलायचा. मी चांगली खरडपट्टी काढली, तर म्हणाला, "आई, बाबा अख्खी गल्ली टीव्हीसमोर बसवतात गं. राखीव म्हणून बाकावर बसलेला दिसू का त्यांना?" संघ शेवटी खालच्या लीगमध्ये गेलाच.

काळजी करू नका. जेवतो, माझ्याशी भांडतोही. तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता ना? शनिवारी आम्ही दोघे घरी यायला निघून तिथे पोहोचू. स्टेशनवर एकटेच या. गल्ली आणू नका.

तुमची,
मुलाची आई

ता. क. आज क्लबला परत केले: खोलीची किल्ली, ओळखपत्र, सरावाचे कपडे. कपडे सांभाळणारे काका म्हणाले, "सामन्याचा शर्ट ठेव रे, सगळेच नेतात." तोही त्याने घडी घालून दिला.