तू ‘सोड’ म्हणालास तेव्हा

बुधवार, चौदा तारीख

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार, मनातल्या मनात. वाकलं की जबडा ठणकतो. दोन ठिकाणी मोडलाय. वरचे-खालचे दात तारेने बांधून टाकलेत. आई सगळं मिक्सरमधून काढून नळीने पाजते. तशी ती खुशीत आहे, जन्मात पहिल्यांदाच मी उलट बोलत नाहीये.

तू मला तुझ्या जिममधून काढल्यापासून आपण बोललेलो नाही, आणि आता तर बोलताही येत नाही. म्हणून हे पत्र.

माझे नवे कोच रोज येतात. म्हणतात, भावाने दगा दिला, तक्रार लिही, पुन्हा लढतीच्या कुठल्याच पिंजऱ्याजवळ त्याला उभं करणार नाहीत. मलाही ते पटत होतं. शनिवारच्या निवड लढतींना विभागातली सगळी नवी पोरं होती, निवड करणारे समोर बसले होते. तुझ्या जिममधल्या लांबूला मी पहिल्या फेरीत कसं तुडवलं ते तू पाहिलंस. माझ्या गुडघ्यावर त्याचं नाक फुटलं, रक्ताची चिळकांडी जाळीवर उडाली, पब्लिक उभं राहिलं. दुसऱ्या फेरीत तो खाली होता. त्याचा डावा हात माझ्या मांड्यांत अडकलेला, कोपर उलटं वाकत चाललेलं. राज्याची स्पर्धा माझ्या खिशात होती. आणि त्याच्या कोपऱ्यातून तुझा आवाज आला, “सोड!”

लहानपणापासून तुझ्याकडे एकच कायदा. दादा ‘सोड’ म्हणाला की पकड सुटलीच पाहिजे, विचार नंतर. मी काही ठरवायच्या आत माझे हात उघडले. लांबू अंगावर चढला आणि उजव्या कोपराने मारत सुटला. पहिल्या घावात जबडा सरकला, दुसऱ्यात दात तोंडातच खडखडले. पंचांनी त्याला ओढून काढलं तेव्हा मी माझंच रक्त गिळत होतो.

काल तक्रार लिहायला घेतली. ‘त्याचा पोरगा हरत होता म्हणून भाऊ ओरडला,’ इथवर लिहिलं आणि हात पुढे चालेना.

दादा, लांबूने हार मानून टॅप केला होता. माझ्या मांडीवर, जोरजोरात. पंच पलीकडे होते, त्यांना दिसलं नाही. तुला दिसलं. आणि मला तर नीट कळलं होतं. तरी मी ओढत राहिलो, कारण तू बघत होतास. “याला सोडता येत नाही,” म्हणून काढलंस ना मला? म्हटलं, मग बघ, तुझ्याच पोराचा हात तुझ्यासमोर मोडतो. त्याच्या कोपरातून कट्कन आवाज आला तेव्हा मला बरं वाटलं. जबड्यापेक्षा तेच जास्त दुखतंय.

तक्रार फाडली. कोचना खरं काय ते लिहून दाखवलं. ते तोंड वाकडं करून निघून गेले, आज आले नाहीत.

लांबूचं कोपर कसं आहे? हात पुन्हा सरळ होईल ना? त्याला हे पत्र वाचायला दे, म्हणजे मी तोंड दाखवायच्या आधी त्याला सगळं माहीत असेल.

तार निघाली की जिममध्ये येऊ का? नको म्हणालास तरी ऐकेन. तुझं ऐकायची सवय अजून गेली नाही, एवढं तर तू शनिवारी पाहिलंसच.

टॅप केल्यावर नाही, तू ओरडल्यावरच सोडणारा,
तुझा धाकटा