चाकं वर

पाइक तळं, उत्तर ऑन्टारियो
३ सप्टेंबर १९८७

चि. ऐला हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

थंडर बेला सासूबाईंकडे पोचलीस, एवढंच कळलं. जेवतेस ना? तुझ्या राय धान्याच्या कडक पावानं खिडकीची काच फुटेल, म्हणायचा टाउनो. शेवटचा पाव इथे फडताळात वाळून गेलाय, पण टाकवत नाही.

तळ्यातून काढलेलं विमान काल चौकशीचे लोक बघून गेले. त्या दिवशी धावपट्टीवर उतरताना उजवं चाक पुरतं बाहेर येईना, म्हणून टाउनो तळ्याकडे परतला. विमानाच्या पोटाखालच्या तरंगत्या होड्यांवर, पाण्यात उतरायला चाकं लागत नाहीत. फक्त सगळी वर घेतलेली हवीत. उजवं अर्धवट लोंबत राहिलं, पाण्याला अडलं आणि विमान उलटलं. चाकं हलवणारा पंप मार्चमध्ये मीच दुरुस्त केला होता. तुझ्या नवऱ्याला मी मारलं, बाळ. शुक्रवारी, अठराला, चौकशीच्या लोकांना तसं लिहून देणार आहे. हत्यारांची पेटी आता कायमची बंद.

तू वाचलीस, तेवढ्यावर दिवस काढतोय. चार ओळी टाक.

तुझा,
बाबा

थंडर बे
८ सप्टेंबर १९८७

ती. बाबांस सा. न. वि. वि.

अठराच्या आत हे पोचावं. काही लिहून देऊ नका.

तुमचाच नियम होता ना? उतरण्याआधी चालवणाऱ्यानं विचारायचं, शेजारच्यानं पंखाखालच्या आरशात चाक बघून 'वर' की 'खाली' ते मोठ्यानं सांगायचं. टाउनोही पाळायचा. लग्नात पाद्र्यासमोर 'हो' पुटपुटलीस, पण 'वर' कसं ठणकावून म्हणतेस, असं चिडवायचा. त्या दिवशीही चाकं वर घ्यायचा हातपंप मारून मारून दमलेल्या आवाजात त्यानं विचारलं, "ऐला, तुझ्या बाजूचं?"

मी म्हटलं, "वर."

बाबा, मी आरशात बघितलंच नव्हतं. भीतीनं डोळे घट्ट मिटले होते. तोंडाला सवय होती, ते बोलून गेलं. "शाबास," म्हणाला तो, आणि विमान खाली घेतलं.

सासूबाई काटे काढून मला मासे वाढतात. त्यांच्याकडे बघवत नाही. तुमच्या दारात उभी राहू द्याल का, तेवढं कळवा.

तुमची,
ऐला

पाइक तळं
१४ सप्टेंबर १९८७

चि. ऐला हिस आशीर्वाद.

दार उघडंच आहे; विचारायचं नसतं. सासूबाईंना सांगायला बसशील, तेव्हा मला शेजारी बसव. एकटीनं नको.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. सात वर्षांची असताना विमानात माझ्या शेजारी बसायला लागलीस, तेव्हापासून तू डोळे मिटूनच 'वर' म्हणायचीस. मला कळायचं. तुझ्या डोक्यावरून वाकून मी आरसा बघून घ्यायचो. म्हणताना इतकी खूश असायचीस की कधी टोकलं नाही. लग्नानंतर टाउनोला सांगायचं राहून गेलं.

त्याला वाटायचं, तू बघतेस.

ये. माया आहे तशीच आहे.

बाबा