मोटारसायकलच्या मागच्या गादीची व्यवस्था

मी, गोवर्धन सखाराम राघोबा, वय एकोणपन्नास, धंदा भाजीपाला, राहणार रिव्हिएर दू रांपार, आज रविवारी सकाळी पूजा आटोपून, पोटात चहा आणि डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही, कोणाचा धाक नाही. बायको समोर बसून भेंडी चिरते आहे, पण तो धाक कायद्यात धरत नाहीत.

पोर्ट लुईचा नोतेर, म्हणजे दस्तऐवज करणारा वकील, म्हणाला की कागद आपल्या हाताने लिहिला, तारीख घातली, सही केली की पुरे, साक्षीदार लागत नाहीत. त्याला आमचे गाव माहीत नाही. म्हणून साक्षीदार घेतले आहेत. मराठी मी गावच्या बैठकेत, म्हणजे संध्याकाळच्या शाळेत, शिकलो, तिथे कायदा शिकवत नव्हते. तरी माझा हेतू समजून घ्यावा.

लिहिण्याचे कारण असे. डॉक्टरने छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले, मग मीठ बंद केले आणि मोटारसायकलला किक मारणेही बंद केले. मिठाचे मी सोसेन. पण मी गेल्यावर माझ्या बायकोला, चंद्रकलेला, सुरिनाम गावी तिच्या बहिणीकडे कोण नेणार? बहीण बसंती हिची दृष्टी गेली आहे, ती घराबाहेर पडत नाही. चंद्रकलेच्या कमरेवर पंचाहत्तर सालच्या वादळात घराचा वासा पडला, तेव्हापासून बसचा बाक आणि बसचे ब्रेक तिला सोसत नाहीत. एक बहीण बेटाच्या उत्तरेला, दुसरी दक्षिणेला, आणि दोघींच्या मध्ये माझी मोटारसायकल. तिची व्यवस्था लावण्यासाठी हा कागद आहे. बाकीचे आधी उरकतो.

कलम पहिले. घर आणि परसातले लिचीचे झाड चंद्रकलेकडे राहील. मुलगी विद्यावती हिला कायद्याने मिळायचे ते मिळेलच, मी नको म्हटले तरी. जावई यशपाल याच्याकडे मोटारगाडी आहे आणि तो दर वेळी म्हणतो, "बाबा, पुढच्या रविवारी येतो, नक्की." तो रविवार अजून कोणत्याही कॅलेंडरात छापलेला नाही. आला तरी त्याची गाडी इतकी बुटकी की चंद्रकलेला आत घडी करून घालावी लागेल. यशपालला माझी छत्री देतो. त्याची वाट पाहत फाटकात उभा राहताना मी तीच वापरत असे.

कलम दुसरे. वांग्या-टोमॅटोची जमीन धाकटा भाऊ बलराम याने कसावी आणि निम्मे पीक वहिनीला द्यावे. फवारणीचा पंप त्याचा आहे असे तो म्हणतो. माझ्या मते माझा आहे. मेल्यावर वाद नको म्हणून पंप त्याला देतो. मी जिवंत असेपर्यंत त्याने मागू नये.

कलम तिसरे. माझे टाळ देवळाला. त्यातला एक चिरलेला आहे. तो कोणाच्या हाती द्यायचा हे आरतीला जमणाऱ्यांना चांगले माहीत आहे.

कलम चौथे. मोटारसायकल. हे कलम लांबेल.

ही जपानी मोटारसायकल मी साखर कारखान्याच्या एका गोऱ्या इंजिनियराकडून घेतली. तो आपल्या देशी परत चालला होता. लांबच्या प्रवासासाठी केलेली, जड, रुंद टाकीची गाडी. बलराम तेव्हा म्हणाला, "दादा, लांबचा प्रवास करणार कुठं? सकाळी निघालास तर बेट संपवून जेवायला घरी." ते खरे होते. पण बेट लहान असले तरी खड्डे पूर्ण मापाचे असतात. आणि गाडी करणाऱ्याने सगळा विचार पुढे बसणाऱ्याचा केला होता. मागे एक पाव आडवा कापून ठेवावा तेवढी गादी. जपानात मागे कोण बसतो मला माहीत नाही, पण साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसणारी बाई त्यांनी पाहिलेली नसावी.

वादळानंतर चंद्रकला उठून चालू लागली तेव्हा मी तिला प्रथम सुरिनामला नेले. उतरल्यावर तिची पाठ सरळ होईना. बसंतीला तेव्हा दिसत होते. ती म्हणाली, "अयो बाय, ह्यानं तुला आणली काय उसाच्या गाडीतून ओतली?" परत येताना वाटेतल्या क्युरपीपच्या भुरभुर पावसात चंद्रकला काहीच बोलली नाही. ती बोलत नसली की मला ऐकू जास्त येते.

मग मी कामाला लागलो. आधी फोम आणला, जाडच्या जाड. ती बसली आणि म्हणाली, "बुडते आहे, दोरी टाका." म्हणून खाली काथ्या ठासून भरला आणि फोम फक्त वर ठेवला. कातडे ताणून शिवले. मागचे शॉक इंजिनियराच्या वजनाला कसलेले होते, ते एक खाच सैल केले. चाकात पदर जाऊ नये म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी लावली. सायलेन्सरवर पत्रा घातला. दोन्ही पाय टेकतील अशी फळी डाव्या बाजूला बसवली. मग टेकायला पाठ केली, जशी चित्रात असते तशी, मागच्या बाजूला. ती तिच्या डाव्या बरगडीत रुतायची. पुष्कळ दिवस मी लोखंड इकडे-तिकडे वाकवत बसलो. एका सकाळी पूजेला बसलो असताना सुचले की ही बाई डावीकडे तोंड करून बसते, तर तिची पाठ उजवीकडे असते. देवाने बुद्धी दिली ती चांगली दिली, पण सावकाश दिली. पाठ उजव्या बाजूला जोडली. शेवटी गाडीचा तोल राहावा म्हणून तिकडेच एक पेटी लावली. जाताना तिच्यात बसंतीसाठी भाजी आणि येताना बसंतीच्या शेजाऱ्यांकडचे मासे. मी मासे खात नाही. पेटीने मात्र कधी उपास धरला नाही.

गाडी आता रस्त्याकडे तोंड करून ठेवलेल्या आरामखुर्चीसारखी दिसत होती. गाव हसला. सुरिनामला पोचून चंद्रकला उतरली आणि चालत जाऊन बहिणीच्या गळ्यात पडली. मी गावाचे हसणे सोडून दिले.

आता जयदेव विठोजी याच्याविषयी. हा आमच्या देवळाच्या मंडळाचा चिटणीस. एक्याऐंशी साली गणपती समुद्रावर न्यायचा होता आणि ठरलेली लॉरी ऐन वेळी बिघडली. जयदेव माझ्या अंगणात आला, गादीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "गोवर्धनभाऊ, देव इथं मस्त बसेल." देव बसला. पाठ होती, पायाला फळी होती. बाजूला तोंड असल्यामुळे रस्त्याच्या डाव्या अंगाच्या सगळ्या लोकांना दर्शन झाले. उजव्या अंगाच्या लोकांनी पाठीला नमस्कार केला. माझ्या हाताला गळू झाले होते म्हणून गाडी जयदेवने चालवली. तशी गाडी मी कोणाला चालवताना पाहिलेले नाही. खड्डा आला की तो आधी खड्ड्याशी बोलत असावा. समुद्रापर्यंत मातीच्या मूर्तीचे बोट दुखावले नाही.

पुढच्या सभेत तो उभा राहिला. "भाऊ, देव बसला ती जागा आता देवाची. ती गादी देवळात ठेवू. वहिनींनी तिच्यावर बसू नये."

मी म्हटले, "मग वहिनीनं जायचं कसं?"

"की पू फेर, काय करणार, भाऊ? बस आहे की."

बायकांच्या बाजूला बसलेली चंद्रकला बोलली. "मग पुढल्या वर्षी देवाला बसनं पाठवा. मी त्या गादीवर आधीपासून बसते. देव माझ्या जागेवर बसला, मी देवाच्या नाही."

सभा हसली. भटजीबुवासुद्धा उपरण्याआड हसले. ठराव बारगळला. जयदेवचे कान लाल झाले आणि त्या दिवसापासून तो चंद्रकलेशी बोलत नाही. प्रसाद द्यायचा तर दुसऱ्याच्या हाती देतो.

धर्माचे म्हणाल तर माझे मत येथे नोंदवून ठेवतो. गणपती पाण्यात उतरला की आपल्या घरी गेला. मागे फोमला चिकटून राहणारा देव तो नव्हे. त्याच्या आईने त्याला बाईमाणसाला उठवून बसायला शिकवले असेल असेही मला वाटत नाही. मी रोज त्याची पूजा करतो. काही चुकीचे असते तर एव्हाना त्याने मला कळवले असते.

कलम पाचवे. तर मोटारसायकल कोणाला? बलरामने मागितली आहे. तो मागचे सगळे काढून टाकणार, हँडल खाली घेणार आणि पोलीस मागे लागल्यासारखा चालवणार. त्याच्यामागे बसणाऱ्याला टेकायला पाठ नको, विमा पाहिजे.

पुष्कळ विचार करून लिहितो की मोटारसायकल, म्हणजे इंजिन, चाके, टाकी, हँडल व किक, मी जयदेव विठोजी याला देतो. मागची गादी, पाठ, फळी, जाळी आणि पेटी मी चंद्रकलेला देतो. दोघांच्या वस्तू एकमेकींपासून वेगळ्या करू नयेत. ती म्हणेल त्या रविवारी जयदेवने तिला सुरिनामला न्यावे आणि परत आणावे, गणपतीला नेले तसे. गणपतीच्या दिवशी चंद्रकला आपली गादी देवाला वापरायला देईल. तसे तिने कबूल केले आहे, फक्त शेंदूर पुसून परत द्यावी. हे जयदेवला मान्य नसेल तर गाडी बलरामला जाईल. जयदेव अजून येता-जाता फाटकात थांबतो आणि टाकीवरची धूळ बाहीने पुसतो. बलराम त्या गाडीचे काय करील हे त्याला मी सांगायला नको.

जयदेवशी माझे वैर आहे आणि ते मी मागे घेत नाही. तो गाडी सावकाश चालवतो, एवढेच मी म्हणतो आहे.

कलम सहावे. हे नंतर जोडले. पाचवे कलम मी चंद्रकलेला वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे गाडीबरोबर मलाही जयदेवला दिलंत."

"तुला नाही. गादी तुझ्याच नावावर आहे."

"गादीवर बसणार मीच ना? त्यानं मला विचारलं?"

"विचारायला आधी मी मरायला हवा."

"मग मेल्यावर विचारू दे. पण स्वतः येऊ दे, कुणाच्या हाती निरोप नको. माझ्या दारात गाडी उभी करून माझ्याकडे बघून म्हणू दे, वहिनी, बसा."

हे मला रास्त वाटले. म्हणून अट घालतो की जयदेवने हे दोन शब्द स्वतःच्या तोंडाने म्हटल्याखेरीज गाडी त्याची होणार नाही.

मी लिहीत असताना ती पुढे म्हणाली, "आणि बसायचं की नाही ते मी तिथल्या तिथं सांगेन."

"नाही म्हणालीस तर बसंतीकडं जाशील कशी?"

तिने हातातली भेंडी चिरून संपवली. मग म्हणाली, "ते त्याला कळू देऊ नका."

म्हणून हे सहावे कलम जयदेवसमोर वाचताना "वहिनी, बसा" येथे थांबावे, कागदाची घडी घालावी आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहावे.

गोवर्धन सखाराम राघोबा (सही)

साक्षीदार, ज्यांनी सहावे कलम शेवटपर्यंत वाचले आहे व तोंड बंद ठेवण्याचे कबूल केले आहे:
१. लक्ष्मण गणू, शेजारी (सही)
२. सीताराम भिवा, बैठकेतला सोबती (सही)

रिव्हिएर दू रांपार, रविवार, १४ ऑक्टोबर १९८४